कारण न लिहिलेली ओळ

श्रीपतभाऊ वानखडे हातात आलेला कोणताही कागद आधी उलटा धरत. लग्नपत्रिका असो, विजेचं बिल असो, औषधाच्या बाटलीचा खोका असो. डोकं खाली, पाय वर. मग एक डोळा बारीक करून त्याच्याकडे असे बघत, जशी मी बाजारात वांगी बघते, देठाकडून. समाधान झालं की मगच तो कागद सरळ व्हायचा.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते मेहकरच्या बसस्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात. मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची, शाळेतून नुकतीच निवृत्त झालेली भूमितीची बाई. आता सत्तरी ओलांडल्यावर त्या अठ्ठावन्न वर्षांच्या पोरीकडे वळून बघते, तर तिचा कान धरावासा वाटतो. तीस वर्षं फळ्यावर त्रिकोण काढले म्हणजे जगातलं सगळंच सिद्ध करता येतं, असा तिचा पक्का समज. खेड्यातल्या मुलींसाठी तिनं भूमितीच्या उदाहरणांचं पुस्तक लिहिलं होतं आणि ते टाइप करून घ्यायला ती ऐटीत दुकानात शिरली होती.

दुकानदारानं माझी पानं चाळली आणि शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाकडे सरकवली. "भाऊ, हे गणिताचं हाय. आपल्या कामाचं नाई, तुमीच पाहा."

त्या माणसानं पान घेतलं आणि उलटं धरलं.

"अहो, उलटं धरलंय तुम्ही," मी म्हणाले. तेवढ्यावर थांबायचं ना? पण नाही. वर विचारलं, "वाचता येतं ना?"

हे वाक्य मी बोलले. भर दुकानात. ते आठवलं की आजही मी एकटी असताना डोक्यावरचा पदर पुढे ओढते.

"येते न बाई," तो माणूस अजिबात न रागावता म्हणाला. "म्हणूनच त उलटं धरलं. सरळ धरलं की माणूस वाचाले लागते. वाचाले लागलं की अक्षर दिसत नाई."

मला काही कळलं नाही. पण कळलं नाही हे चेहऱ्यावर दिसू न देण्याचा शिक्षकांना दांडगा सराव असतो. मी गंभीरपणे मान हलवली. त्यांच्यासोबतची माझी पुढची दहा-अकरा वर्षं साधारण याच पद्धतीनं गेली.

श्रीपतभाऊ पाटबंधारे खात्यात ट्रेसर होते. कालव्यांचे नकाशे पारदर्शक कापडावर काळ्या शाईनं गिरवायचे, प्रत्येक चारीच्या, म्हणजे पोटकालव्याच्या, कडेनं गावांची नावं लिहायची आणि मग त्याच्या निळ्या प्रती निघायच्या, हे त्यांचं काम. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत खात्यात कॉम्प्युटर आले. नकाशे छान निघू लागले आणि गावांची नावं वाकडीतिकडी. भाऊंना ते सहन झालं नाही. मुलगी इंजिनिअरिंगला होती, तिच्या प्रोजेक्टसाठी घरात आलेलं एक जाडजूड माहितीपुस्तक त्यांनी वाचायला घेतलं, इंग्रजी, डिक्शनरी मांडीवर ठेवून. आणि मग पन्नाशीच्या पुढे या माणसानं स्वतःच्या हातचं वळण एकेका अक्षरानं कॉम्प्युटरमध्ये उतरवलं. त्याचा फॉन्ट केला. त्याला नाव दिलं 'कालवा'.

इथवर मला कळलं. पुढचं मात्र त्यांनी मला तीन वेळा समजावलं, तेव्हा कुठे अर्धं कळलं.

पानं जुळवायची एक प्रणाली असते, लाटेक म्हणतात तिला. गणितवाल्यांची लाडकी. तिच्यात पान डोळ्यांनी सजवायचं नसतं. मजकूर लिहायचा आणि मधेमधे आज्ञा द्यायच्या: हे शीर्षक, हे समीकरण, हा तक्ता. मग चल म्हणायचं, की ती सगळं पान नीट बांधून देते. पण तुमचा फॉन्ट कसा वापरायचा हे तिला कोणीतरी सांगावं लागतं. ते सांगणाऱ्या छोट्या फायलींचं गाठोडं म्हणजे पॅकेज.

"म्हणजे फॉन्ट वेगळा आणि पॅकेज वेगळं?" मी विचारलं.

"असं पाहा बाई. फॉन्ट म्हणजे सैपाक. पॅकेज म्हणजे वाढपी. सैपाक कितीही झकास असू द्या, वाढप्याले जर माहीतच नसन का कोणाच्या पानात काय वाढाचं, त पंगत उपाशी उठते."

"आणि हे तुम्ही विकता?"

"नाई. ठेवून देल्लं हाय तिकडं. जगातल्या लोकायनं असे गाठोडे ठेवाची एक जागा हाय नेटवर. ज्याले पायजे थो नेते."

"फुकट?"

"हाव."

"कोण नेतं?"

"काय माहीत!"

मी परत गंभीरपणे मान हलवली.

माझं पुस्तक त्यांनी 'कालवा'मध्ये करायचं ठरवलं, पण अट घातली की टाइप मीच करायचं. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा सकाळी त्यांच्या घरी जाणं सुरू झालं. बाहेरच्या खोलीत टेबल, टेबलावर फुलाफुलांच्या कापडानं झाकलेला कॉम्प्युटर, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्या शेजारी हातानं काढलेला एका धरणाचा नकाशा. कमलवहिनी, म्हणजे भाऊंच्या पत्नी, चहा आणून ठेवत आणि माझ्याकडे दयेनं बघत.

कारण मी दर वेळी हरायचे. एक महिरपी कंस मिटायचा राहिला की पडद्यावर भरभरून इंग्रजी ओळी धावत येत. मला वाटे, हेडमास्तरांनी सगळ्या शाळेसमोर उभं केलंय. मी तावातावानं कॉम्प्युटरला उत्तरं द्यायचे, "अरे दिलाय कंस! डोळे फुटले का?"

"मशीन रागवत नाई बाई," भाऊ म्हणत. "तुमीच रागावून राह्यल्या. थे फक्त सांगून राह्यली, का मी इथपर्यंत आली अन् इथं थांबली."

वहिनी आतून ओरडत, "माह्या भाऊजीच्या सायकलवाणी करते वं थे मशीन! हवा गेली कुठून अन् पाहाचं कुठी!"

पुस्तक झालं. देखणं झालं. मुलींनी ते वापरलं, फाडलं, त्यावर मिशा काढल्या. माझं काम संपलं, पण माझं तिकडे जाणं काही संपेना. मी भाऊंना विचारत राहायचे, की तुम्ही हे कशासाठी करता. कारण फॉन्ट एकदा केला की झालं, असं ते नव्हतं. लाटेकची नवी आवृत्ती निघायची, तिच्यात जुनी एखादी आज्ञा बंद व्हायची, आणि भाऊ पंधरा पंधरा दिवस बसून आपलं गाठोडं तिच्याशी जुळवून घ्यायचे. आणि एवढं करून कोण वापरतं याचा पत्ता नाही. बारा वर्षांत त्यांना दोन मेल आले होते. एक कसली तरी जाहिरात. दुसऱ्यात कोणीतरी विचारलं होतं, की कालवे खोदायचं काम तुम्ही घेता का.

"म्हणजे कोणीच वापरत नसेल," मी एकदा फटकन म्हणाले.

"नसन बी," ते म्हणाले. "कालव्याच्या शेपटाले कोणाचं वावर भिजते, थे वरच्या फाटकावाल्याले दिसत नाई. त्यानं फाटक उघडाचं." असं म्हणाले खरं, पण त्या दिवशी त्यांनी चहा अर्धा ठेवला.

मग त्यांचे डोळे गेले. एकदम नाही. काचबिंदू कडांकडून आत येत गेला. "पाइपातून पाहून राह्यलो असं वाटते," म्हणायचे. पुढे पाइपही बारीक झाला. नेमकी त्याच वर्षी लाटेकची नवी आवृत्ती आली आणि 'कालवा' वापरताना एक इशारा झळकू लागला: अमुक आज्ञा जुनी झाली, पुढे चालणार नाही.

एका सकाळी मी गेले, तर भाऊंनी माझ्या हातात एक कागद दिला. मुलीला फोनवरून सांगून लिहून घेतलेला इंग्रजी अर्ज होता. गाठोडी ठेवायची ती जागा सांभाळणाऱ्यांना विनंती, की 'कालवा' हे पॅकेज काढून टाकावं, त्याला सांभाळणारा कोणी उरला नाही.

"हे काय?"

"तुमी पाठवून द्या मेलवर. मले दिसत नाई."

"राहू दे ना तिथं. कोणाचं काय खातंय?"

"नाई बाई. बेवारस जनावर गावात सोडत नाईत. दुसऱ्याच्या वावरात घुसते. उद्या कोणी भरवशानं उचलन अन् त्याचं काम आडवं पडन. सांभाळता येत नाई त बंद कराचं. त्यात काय." हे 'त्यात काय' म्हणताना ते माझ्याकडे नाही, भिंतीकडे बघत होते. बघत होते म्हणजे तोंड तिकडे होतं.

तेव्हा मी छाती काढून म्हणाले, "मला एक महिना द्या. मी दुरुस्त करते."

आत वहिनींच्या हातून भांडं खाली पडलं. ते मुद्दाम पाडलं होतं की कसं, मला आजतागायत कळलेलं नाही.

"एक महिना," भाऊ म्हणाले. "नाई जमलं त अर्ज जाईन."

तर अशी मी, अडुसष्ट वर्षांची उतावळी कार्टी, कंस न मिटवता येणारी, एका फॉन्ट पॅकेजची डॉक्टर झाले. बंद झालेली आज्ञा तीन ठिकाणी होती. तिच्या जागी नवी घालायची, एवढंच काम. ते करायला मला एकोणीस दिवस लागले. पण इशारा गेला. मी खोलीत एकटीनं टाळ्या वाजवल्या.

आणि त्या आनंदात मला ती ओळ दिसली.

फायलीच्या पोटात एकच ओळ, तिच्यात एक आकडा, आणि तिच्या वर टक्क्याच्या खुणेनं सुरू होणारं वाक्य. टक्क्याच्या पुढचं यंत्र वाचत नाही, ते माणसांसाठी लिहिलेलं असतं. भाऊंनी लिहिलं होतं: 'हे काढू नका. काऊन ते मलेही सांगता येत नाही.'

आता सांगा, भूमितीच्या बाईनं काय करावं? पायरी आहे आणि पुढे कारण नाही, असं उत्तर मी तीस वर्षांत एकदाही चालवून घेतलं नव्हतं. मुली रडायच्या, "बाई, उत्तर तर बरोबर आहे!" मी म्हणायचे, "कारण नाही, मार्क नाही." मी ती ओळ काढून पाहिली. माझं भूमितीचं पुस्तक पुन्हा चालवलं. पान न् पान जसंच्या तसं. म्हणजे ओळ निरुपयोगी, सिद्ध! काढून टाकली, गाठोडं बांधलं, नवा आवृत्ती-क्रमांक घातला आणि पाठवून दिलं. भाऊंना सांगितलं, झालं. ओळीचं काही सांगितलं नाही. मला वाटलं, कचरा काढल्याचं काय सांगायचं.

भाऊंचे मेल आता मीच उघडायचे. पाचव्या दिवशी पहिला मेल आला. नागपूरचा एक संशोधक विद्यार्थी. त्याचा प्रबंध सोमवारी द्यायचा होता. त्यानं लिहिलं होतं, 'सगळ्या तक्त्यांत अक्षरांचे पाय खालच्या रेघेत घुसून राहिले आहेत. तीन वर्षं काही झालं नाही. तुम्ही आता काय करून ठेवलंत?' दुसरा मेल इंग्रजीत, कुठल्याशा विद्यापीठातल्या प्राध्यापकांचा. ते पाली शब्दकोश करत होते, चारशे पानं 'कालवा'त, आणि सगळी पानं सरकली होती. तिसरा आला. चौथा आला.

मला ते सरळ लपवायचं होतं. खरं सांगते. मी विचार केला, गुपचूप ती ओळ परत घालू, भाऊंना कुठे दिसतंय. पण तो आकडा! मी पूर्ण ओळ पुसली होती, भाऊंच्या कॉम्प्युटरवरही नवीच प्रत चढवली होती आणि जुनी कुठे ठेवली ते काही केल्या सापडेना. भाऊंकडे जावंच लागलं.

ते अंगणात खुर्चीवर बसले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, पोरी गृहपाठ न केल्याचं सांगतात तसं, एका श्वासात. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "किती मेल?"

"चार."

"वाचा."

मी नागपूरवाल्याचा वाचला. त्यातली 'काय करून ठेवलंत' ही ओळ मी हळू आवाजात उरकली, तर ते म्हणाले, "थे पुन्हा वाचा. जोरानं." मी जोरानं वाचलं. वहिनी आतून दारात येऊन उभ्या राहिल्या. प्राध्यापकांचा वाचला. चारशे पानं म्हटल्यावर त्यांनी हात वर केला, मला थांबवलं, आणि थोड्या वेळानं पुढे म्हणून खूण केली. चौथा मेल एका बाईंचा होता. त्यांचा शिकवणी वर्ग. 'पाच वर्षांपासून माझ्या मुलांच्या सगळ्या प्रश्नपत्रिका मी तुमच्या कालवा फॉन्टमध्ये काढते. कृपया पहिल्यासारखं करून द्या. जानेफळ, तालुका मेहकर.'

"कुठचं?"

"जानेफळ."

"आपलं जानेफळ?" भाऊ खुर्चीतून अर्धे उठले. "बाप्पा! अवं कमल, जानेफळची बाई हाय वं! पाच वर्षांपासून! अन् मी एस.टी.नं तिच्या दारावरून जाऊन राह्यलो!"

पाली शब्दकोशानं माणूस एवढा हलला नव्हता, जेवढा जानेफळनं हलला. मी शिव्या खायला आले होते आणि इथे बारसं चाललं होतं. मला काय करावं कळेना. म्हणून मी माफी मागितली. म्हटलं, "भाऊ, त्या ओळीला कारण नव्हतं, म्हणून काढली."

"कारण नव्हतं असं नाई बाई," ते शांतपणे म्हणाले. "लिहेल नव्हतं."

मग त्यांनी तो आकडा शोधला. डोक्यानं नाही, हातानं. गुडघ्यावर बोट ठेवून, हातात टाक आहे असं समजून, ते गावांची नावं लिहू लागले. मेहकर. सोनाळा. जानेफळ. मग 'बुलडाणा' लिहिलं आणि 'बु'च्या पायाशी बोट थांबलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा तिथंच थांबलं.

"हां," म्हणाले. "नकाशावर नावाखालून चारीची रेघ जाते. अक्षराचा पाय रेघेले टेकला, का निळ्या प्रतीत दोन्ही मिसळून जाते. मंग नाव वाचता येत नाई. म्हणून खाली एवढी जागा सोडतच होतो आमी. हाताले सवयच होती. फॉन्ट केला तवा बी सोडली. कोणी इचारलं असतं काऊन, त मले सांगता नसतं आलं." आणि त्यांनी दोन बोटांमध्ये केसभर अंतर धरून मला दाखवलं.

ते अंतर आम्ही पट्टीनं मोजलं, दोनदा चुकलो, आणि तिसऱ्यांदा एक नवा तक्ता करून त्यात घालून बघितलं. अक्षरं रेघेवरून अलगद उचलली गेली. मी तीस वर्षं तक्ता नसलेली भूमिती शिकवली होती, म्हणून माझ्या पुस्तकात काही दिसलं नव्हतं! ओळ परत गेली, आणि या वेळी तिच्यावर मी कारण लिहिलं, तीन ओळींत, भाऊंच्या शब्दांत. दुपारच्या आत नवी आवृत्ती पाठवली. चौघांना माफीचे मेल केले. नागपूरवाल्याचं उलट उत्तर आलं, एकच शब्द: 'चालतंय.' भाऊंनी तेही दोनदा वाचून घेतलं.

महिना संपला तेव्हा मी विचारलं, "अर्जाचं काय करायचं?"

"आता कसा पाठवता? जानेफळच्या बाईले काय सांगाचं?" ते म्हणाले. "सांभाळणार म्हणून तुमचं नाव टाका खाली."

"भाऊ, मला यातलं काही कळत नाही हो."

"मले बी कुठं कळत होतं? तुटलं की कळते."

पुढच्या उन्हाळ्यात श्रीपतभाऊ गेले. झोपेत गेले, कोणाला त्रास न देता. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मंडप भरला होता. खात्यातले जुने लोक बोलले. साहेबांसमोर कधी वाकला नाही, असं एकजण म्हणाला. वेळेचा पक्का, असं दुसरा म्हणाला. अक्षरांबद्दल कोणी बोललं नाही, कारण कोणाला माहीतच नव्हतं. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी उठले.

मी माइकसमोर फॉन्ट, पॅकेज, आज्ञा, तक्ते असं जे काही सांगितलं, त्यानं मंडपातल्या निम्म्या लोकांची झोप झाली असणार. वाढप्याचं उदाहरण दिलं, तेव्हा काही लोकांना वाटलं जेवणाची सूचना आहे. एकदोघे उठलेसुद्धा. शेवटी पुढच्या रांगेतला एक म्हातारा, कालव्यावरचा निवृत्त चौकीदार, न राहवून म्हणाला, "मंग बाई, थे भेटते कुठी?"

"नेटवर भेटते. फुकट."

"फुकट? अन् कोणी पाहाले बी येत नव्हतं?"

"नाई."

"मंग वानखडे थे काऊन करत होते?"

सगळा मंडप माझ्याकडे बघायला लागला. तीस वर्षं दुसऱ्यांना 'कारण लिहा' म्हणून दटावणारी मी, माइक धरून उभी राहिले. मला कारण लिहिता येत नव्हतं.

"दादा, आता थेच काम मी करून राह्यली," मी म्हणाले. "अन् मले बी सांगता येत नाई."

म्हाताऱ्यानं मान हलवली. त्याला पटलं, का माझी कीव आली, ते कळलं नाही. मी खाली बसले. वहिनींनी माझा हात हातात घेतला आणि हळूच विचारलं, "आज कोणाचा मेल आला का वं?"

"आला," मी म्हणाले. "अकोल्याची एक पोरगी हाय. काहीतरी तुटलं म्हणते."

"मंग जा ना," वहिनी म्हणाल्या. "इथं काय करून राह्यल्या?"